दहा मिनिटांचा खेळ : स्वतंत्र व्हिडिओ गेमच्या जाहीर प्रदर्शनाची पूर्वतयारी आणि समीक्षेचा प्रश्न

बीजसंज्ञा : स्वतंत्र व्हिडिओ गेम, नमुना, प्रदर्शनातील दालन, ‘राजी’, एकांकिका, खेळाडूचे निरीक्षण

प्रास्ताविक

खरीप हंगामात घाटंजीहून कोणत्याही डांबरी रस्त्याने निघाले, तर रस्त्यालगतच्या एखाद्या कपाशीच्या शेतात बियाणे कंपनीचा फलक रोवलेला दिसतो. त्या शेताला प्रात्यक्षिक प्लॉट असे म्हणतात. जमीन भारी, पाण्याची सोय हाताशी, निंदण-फवारणी वेळच्या वेळी आणि जागा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी. शेतकरी तो प्लॉट पाहतो आणि तेच वाण आपल्या हलक्या, कोरडवाहू रानात पेरतो. प्लॉटवर जे दिसले ते खोटे नसते. मात्र ते निवडलेले असते. पाहणाऱ्याच्या पदरी पुढे काय पडणार, हे त्या निवडीवर बरेच अवलंबून असते.

प्रस्तुत लेखाचा विषय शेती नाही. तो आहे व्हिडिओ गेम, आणि त्यातही मोठ्या भांडवलाच्या पाठबळाशिवाय लहान चमूने घडवलेला, ज्याला इंग्रजीतून आलेल्या ‘इंडी’ या नावाने ओळखले जाते असा स्वतंत्र गेम. असा गेम पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी जाहीर मेळाव्यात मांडला जातो. आपल्याकडे मुंबईत २०१२ पासून भरू लागलेले कॉमिक कॉन, हैदराबाद येथे २०२४ पर्यंत भरत आलेली गेम-निर्मात्यांची परिषद, १ ते ४ मे २०२५ या काळात मुंबईत भरलेली ‘वेव्हज’ परिषद अशा ठिकाणी टेबलामागे दोन-तीन तरुण उभे असतात आणि टेबलावर पडदा, कंट्रोलर व हेडफोन असतो. येणाऱ्याने खुर्चीत बसावे, दहा मिनिटे खेळावे आणि उठावे. या दहा मिनिटांची तयारी कित्येकदा काही महिने चाललेली असते. समीक्षेने मात्र तिच्याकडे विक्रीकलेचा भाग म्हणून पाहून दुर्लक्ष केले आहे. येथे मांडावयाचे प्रतिपादन असे की, प्रदर्शनासाठी नमुना तयार करणे हे निर्मात्याने स्वतःच्या कृतीचे केलेले पहिले समीक्षण होय आणि त्या समीक्षणात जी चूक होते ती बहुधा पूर्ण झालेल्या कृतीतही उतरते.

दाखविण्यासाठीच जन्मलेला खेळ

संगणकीय खेळाचा इतिहास प्रदर्शनाच्या मांडवातच सुरू होतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. १९५१ साली ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय महोत्सवातील विज्ञान प्रदर्शनात फेरांटी या कंपनीने ‘निमरॉड’ नावाचे यंत्र ठेवले. ते फक्त निम हा गणिती खेळ खेळत असे. कंपनीला दाखवावयाची होती संगणकाची आकडेमोड करण्याची शक्ती. लोकांना मात्र यंत्राशी खेळावयाचे होते. पुढे १८ ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यागत दिनी विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या पाच इंची गोल पडद्यावर टेनिससारखा खेळ मांडला. प्रयोगशाळेतील निर्जीव फलक पाहून लोक कंटाळतात, त्यांच्या हाताला काहीतरी काम द्यावे, एवढाच हेतू होता. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, मोठा पडदा आला आणि चेंडूवरील गुरुत्वाकर्षण चंद्रावरचे किंवा गुरू ग्रहावरचे असावे असा पर्यायही देण्यात आला. पहिल्या वर्षीची रांग पाहून दुसऱ्या वर्षीचा खेळ बदलला, ही नोंद महत्त्वाची आहे. कारण प्रदर्शनाचा खरा उपयोग तेथेच आहे.

मराठी वाचकाला यापेक्षाही जवळचे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळक्यांजवळ कौशल्य होते, पण पैसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, त्यांच्या वाढीचे रोज एकेक चित्र महिनाभराहून अधिक काळ टिपले आणि मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’ तयार करून ती मोजक्या मंडळींना दाखविली. त्यातून कर्ज मिळाले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फाळक्यांनी नमुना म्हणून हरिश्चंद्राच्या कथेतील एखादा प्रसंग चित्रित केला नाही, याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. त्यांनी दाखविले ते माध्यमाचे सामर्थ्य. जे डोळ्यांना एरवी दिसत नाही ते हे यंत्र दाखवू शकते, एवढेच. त्यामुळे नमुन्याचे ओझे पुढील चित्रपटावर पडले नाही. हरिश्चंद्राची कथा आपल्या गतीने रचण्यास ते मोकळे राहिले.

आजच्या स्वतंत्र गेमच्या निर्मात्याला ही मोकळीक नसते. माध्यम काय करू शकते हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्याला त्याच्याच कृतीचा तुकडा कापून दाखवावा लागतो.

तयारीचे स्वरूप

या तुकड्याला गेम-व्यवसायात ‘व्हर्टिकल स्लाइस’, म्हणजे उभा छेद, असे म्हणतात. केकचा तुकडा कापावा आणि त्यात सर्व थर दिसावेत, तसा गेमच्या एका छोट्या भागात चित्र, ध्वनी, हालचाल, आव्हान आणि कथा असे सर्व थर पूर्णावस्थेत आणून ठेवणे. उर्वरित गेम या वेळी राखाडी ठोकळ्यांच्या अवस्थेत असू शकतो. यातील पहिला निर्णय, कोणता भाग निवडावा हा, पूर्णतः समीक्षकाचा निर्णय आहे. गेमचा आरंभ दाखवावा तर तो संथ असतो, शिकविण्यात जातो. मधला भाग दाखवावा तर नवख्याला काहीच कळत नाही. म्हणून बहुतेक निर्माते प्रदर्शनासाठी एक तिसराच भाग रचतात, जो गेममध्ये त्या रूपात कोठेच नसतो : आरंभाची ओळख, मध्यातील शस्त्र आणि शेवटाकडील एखादे भव्य दृश्य यांचा संकर.

त्यानंतरचे काम वरकरणी तांत्रिक, पण प्रत्यक्षात खेळाडूविषयीच्या समजुतीचे आहे. खेळणारा मध्येच उठून गेला तर गेम आपोआप पहिल्या पडद्यावर परतला पाहिजे. बाहेर पडण्याची कळ बंद केली पाहिजे, नाहीतर पाचव्या मिनिटाला एखादा मुलगा संगणकाच्या मूळ पडद्यावर पोहोचतो. कोणी बसलेले नसताना पडद्यावर काहीतरी हलत राहिले पाहिजे. अवघडपणा उतरवावा लागतो, कारण तीनदा हरलेला माणूस चौथ्यांदा प्रयत्न न करता उठतो. परंतु फार उतरविला तर मागे उभे राहून पाहणाऱ्यांना तो खेळ पोरकट वाटतो. सूचना मोठ्या अक्षरांत हव्यात. आवाजावर कोणतीही महत्त्वाची गोष्ट अवलंबून असता कामा नये, कारण मांडवातील गोंगाटात हेडफोन घालूनही निम्मेच ऐकू येते. जास्तीचे कंट्रोलर, जास्तीच्या वायरी, पेनड्राइव्हवर गेमची दुसरी प्रत, यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. वर्गात प्रोजेक्टर वापरणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला हा अनुभव आहे.

एवढे करूनही काय होऊ शकते, याचे चित्रण ‘इंडी गेम : द मूव्ही’ या २०१२ च्या माहितीपटात आहे. कॅनडातील फिल फिश यांचा ‘फेझ’ हा गेम २०११ साली बोस्टन येथील ‘पॅक्स ईस्ट’ मेळाव्यात मांडला गेला तेव्हा तो लोकांच्या हातात वारंवार गोठत होता आणि फिश प्रत्येक वेळी पुढे होऊन तो नव्याने सुरू करीत होते. माहितीपट पाहताना यंत्राच्या बिघाडापेक्षा निर्मात्याच्या चेहऱ्याकडेच लक्ष जाते. कित्येक वर्षे एकांतात सांभाळलेली गोष्ट परक्या माणसांच्या हाती जाते आणि तेथे ती मान टाकते. तरीही लोक खेळत राहिले. ‘फेझ’ एप्रिल २०१२ मध्ये प्रकाशित झाला आणि त्याची गणना त्या दशकातील उल्लेखनीय स्वतंत्र गेममध्ये होते. तेव्हा नमुन्याचा तांत्रिक बिघाड हा फार मोठा दोष नव्हे. दोष असतो तो निवडीचा.

‘राजी’ : छेदाचे सौंदर्य आणि त्याची किंमत

या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत विचारार्ह उदाहरण म्हणजे पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. सर्कशीत कसरती करणारी राजी ही मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिला शस्त्रे देतात आणि तिची कथाही तेच दोघे सांगतात. २०१७ च्या अखेरीस निर्मात्यांनी लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर आवाहन केले आणि खेळून पाहता येईल असा नमुना लोकांपुढे ठेवला. वर्गणीचे उद्दिष्ट पूर्ण झाले नाही. तरीही काम थांबले नाही; प्रकाशक मिळाला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या स्वतंत्र गेमसाठीच्या कार्यक्रमात घोषणा होऊन त्याच दिवशी गेम स्विच या यंत्रावर आला. ऑक्टोबरमध्ये तो संगणक व इतर यंत्रांवर उपलब्ध झाला. त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र गेमच्या नामांकनांत त्याचे नाव होते. ही वाटचाल कोणत्याही मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच आहे, आणि अभिमान बाळगूनच पुढील मतभेद नोंदवीत आहे.

‘राजी’तील कोणताही दहा मिनिटांचा भाग घ्या, तो अप्रतिम दिसतो. राजस्थानी वास्तुशिल्पावर बेतलेले किल्ले, पहाडी चित्रशैलीची आठवण करून देणारे रंग, छायाबाहुल्यांच्या धर्तीवर रचलेले कथाप्रसंग, खांबाला विळखा घालून शत्रूवर झेप घेणारी राजी. ज्या माध्यमात भारतीय देवता बहुतेक वेळा परक्यांच्या कल्पनेतून आल्या, तेथे हे दृश्य पाहून डोळे निवतात. दालनापुढून जाणारा माणूस थांबेलच. मात्र चार-पाच तासांचा संपूर्ण खेळ सलग खेळल्यावर वेगळी जाणीव होते. लढाईच्या हालचाली सुंदर आहेत, पण त्या वाढत नाहीत. पहिल्या तासात जे शिकलो त्यावर नवे आव्हान फारसे रचले जात नाही. शस्त्रे बदलतात, विचार बदलत नाही. आणि शेवट इतका अकस्मात येतो की पुढचे प्रकरण छापावयाचे राहून गेले असावे असे वाटते. लढाईविषयी व शेवटाविषयी ही तक्रार इतर समीक्षकांनीही केली आहे. त्यांनी ती अपुऱ्या साधनांच्या खाती टाकली. ते एक कारण आहेच. लहान चमूने, पैशाची विवंचना असताना केलेले हे काम आहे. प्रस्तुत लेखकाला त्यामागे आणखी एक कारण दिसते. हा गेम आपल्या उत्कृष्ट छेदाशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिला. जे दहा मिनिटांत सिद्ध होते, म्हणजे दृश्य, झेप, भव्यता, ते त्याने प्रत्येक टप्प्यावर पुन्हा सिद्ध केले. जे केवळ कालावधीतूनच सिद्ध होते, म्हणजे वाढ, थकवा, सवय आणि तिचा भंग, त्याच्याकडे त्याचे लक्ष गेले नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो बोलका आहे. वाटेत भिंतींवर पुराणकथांची चित्रे येतात. त्यांच्यापुढे थांबले तर दुर्गा आणि विष्णू त्या कथा सांगतात. थांबले नाही तर काही अडत नाही. तसेच गोलूच्या आठवणींची फिरती वर्तुळे जुळविण्याची कोडी आहेत. दोन्ही ठिकाणी गेम हळू होतो आणि राजीचे एकटेपण जाणवते. गोंगाटाच्या दालनात हेच भाग सर्वप्रथम वगळावे लागतील. प्रदर्शनाच्या कसोटीला जे टाकाऊ ठरते तेच येथे कृतीचा गाभा आहे, आणि ते थोडेच आहे.

एकांकिकेचा धडा

मराठी रंगभूमीला हा प्रश्न नवा नाही. १९६३ पासून पुण्यात होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाने आणि त्या धर्तीवरील स्पर्धांनी महाविद्यालयीन तरुणांच्या कित्येक पिढ्या घडविल्या. वेळेचे बंधन, नेपथ्य लावण्या-काढण्याची घाई, ओळखीचा व आरडाओरडा करणारा प्रेक्षक, समोर परीक्षक. या परिस्थितीतून ‘स्पर्धेची एकांकिका’ नावाचा एक घाट तयार झाला : पहिल्या पाच मिनिटांत धक्का, मध्ये समूहाच्या हालचाली, शेवटी कलाटणी. गाजलेल्या एकांकिकेचे पुढे दोन अंकी नाटक करावयाचे ठरते तेव्हा दुसरा अंक अनेकदा ताणलेला का वाटतो, याची चर्चा आपल्या नाट्यसमीक्षेने केली आहे. गेमच्या समीक्षेलाही ती उपयोगी पडेल. फरक एवढाच की एकांकिका स्वतःच पूर्ण कृती असते, तिला नाटक व्हावेच लागत नाही. दालनातील नमुन्याला मात्र पूर्ण गेम व्हावेच लागते. त्यासाठीच तो मांडलेला असतो.

ज्या गेमचा स्वभावच संथ आहे त्याचे काय करावयाचे, हा यातून निघणारा अधिक अवघड प्रश्न. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा ‘मुक्ती’ हा गेम सोनी कंपनीच्या भारतातील निर्मात्यांसाठीच्या उपक्रमात निवडला गेला. त्यात खेळाडू एका भारतीय वस्तुसंग्रहालयात फिरतो, वस्तू पाहतो, आणि त्यांतून मानवी तस्करीचे कथानक हाती लागते. येथे लढाई हा आकर्षणाचा विषय नाही. पाहणे, वाचणे, जोडणे हीच कृती आहे. असा गेम रणगर्जना करणाऱ्या पडद्यांच्या रांगेत ठेवला तर तो दुबळा दिसणारच, आणि दुबळा दिसला म्हणून त्यात एखादा पाठलाग घालण्याचा मोह निर्मात्याला होणारच. तो मोह टाळावयाचा तर मांडणीच बदलावी लागते. उभ्या टेबलाऐवजी बंदिस्त कोपरा, दहाऐवजी वीस मिनिटांची वेळ आणि आधी नाव नोंदवून येणारे मोजके खेळाडू. गर्दी कमी होते. मिळणारा अभिप्राय मात्र त्या कृतीविषयीचा असतो.

निर्मात्याचे मौन

अभिप्राय मिळविण्याची रीत हा तयारीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अनुभवी निर्माते एक नियम पाळतात : खेळणारा अडला तरी बोलावयाचे नाही. तो चुकीच्या दाराशी दोन मिनिटे घुटमळला तर ‘डावीकडे जा’ असे ओठांवर येते. ते गिळावे आणि वहीत लिहावे की येथे सात जण अडले. कारण गेम घरी पोहोचेल तेव्हा निर्माता तेथे नसेल. खेळून झाल्यावर ‘आवडला का’ असे विचारल्यास सभ्य माणूस ‘छान आहे’ असेच म्हणतो. त्यापेक्षा त्याने कंट्रोलर कोठे खाली ठेवला, हसू कोठे आले, मोबाइल कोठे पाहिला, या नोंदी अधिक खऱ्या असतात.

आपल्या महाविद्यालयांत याच्या नेमके उलटे घडते, हे कबूल केले पाहिजे. ‘आविष्कार’ असो की संगणकशास्त्र विभागाचे वार्षिक प्रदर्शन, प्रतिकृतीपाशी उभा असलेला विद्यार्थी पाठ केलेले विवेचन सुरू करतो आणि आपण परीक्षक त्या विवेचनाला गुण देतो. वैज्ञानिक प्रकल्पासाठी ते योग्यच असेल. पण अलीकडे बी.सी.ए. आणि बी.एस्सी.चे विद्यार्थी प्रकल्प म्हणून गेम करून आणतात, तेव्हा समजावून सांगावे लागणे हाच त्या कृतीचा दोष असतो. आपण कंट्रोलर हातात घेतच नाही. विद्यार्थी खेळतो, आपण मान डोलावतो आणि गुणपत्रिकेवर ‘सादरीकरण’ या रकान्यात आकडा लिहितो. ज्या चुकीने पुढे त्याचा गेम बुडणार आहे, तिलाच आपण शाबासकी देत असतो.

येथे भाषेचा आणि गावाचा प्रश्नही येतो. पुण्यात घडलेल्या ‘राजी’तील दुर्गा-विष्णू मूळ आवृत्तीत इंग्रजीत बोलले, हिंदी आवाज पुढे २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला. बाजारपेठेचा विचार करता हे समजण्याजोगे आहे. परंतु मुंबई-हैदराबादच्या मेळाव्यात गोळा होणारा अभिप्राय कोणाचा असतो? तेथे तिकीट काढून येणारा तरुण आधीपासूनच खेळणारा, इंग्रजी सूचना वाचणारा, दोन दांड्यांचा कंट्रोलर अंगठ्यांत खेळविणारा असतो. त्याला अडचण आली नाही म्हणून गेम सोपा ठरतो. घाटंजीच्या विद्यार्थ्याने मोबाइलवर शेकडो तास खेळलेले असतात, पण कंट्रोलर बहुधा हाती घेतलेला नसतो. एका अंगठ्याने चालणे आणि दुसऱ्याने नजर फिरविणे ही गोष्ट त्याला पहिली पाच मिनिटे जमत नाही. ‘इंटरॅक्ट’ या शब्दापाशी तो थांबतो. ‘बघा’ किंवा ‘उचला’ असे लिहिले तर थांबत नाही. हा खेळाडू मोठ्या मेळाव्यांत जवळजवळ नसतोच, आणि म्हणून त्याची अडचण कोणत्याही निर्मात्याच्या वहीत नोंदली जात नाही. तालुक्याच्या महाविद्यालयाचा संगणक विभाग या बाबतीत पुण्या-मुंबईच्या निर्मात्यांना देऊ शकेल असे काही असेल तर ते हेच : एक खोली, वीस विद्यार्थी, तीन दुपारी आणि न बोलता नोंदी घेणारा एक प्राध्यापक. त्याला अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

अभ्यासकांपुढील एक अडचण शेवटी नोंदवितो. मेळावा संपला की नमुन्याचे काम संपते; त्याची प्रत निर्मात्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर पडून राहते किंवा पुसली जाते. नाटकाच्या तालमींच्या वह्या निदान काही घरांत सापडतात. येथे तेवढेही उरत नाही. ‘राजी’चा २०१७ चा नमुना आणि २०२० चा गेम शेजारी-शेजारी ठेवून काय राखले, काय टाकले, याचा तपशीलवार अभ्यास एम.फिल.च्या काळात सहज एका लघुप्रबंधाचा विषय झाला असता, आज पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने तो घ्यावा, पण त्यासाठी दोन्ही आवृत्त्या चालू अवस्थेत मिळाव्या लागतील. ब्रुकहेवनच्या त्या टेनिसचे यंत्रही १९५९ च्या प्रदर्शनानंतर सुटे करून त्याचे भाग प्रयोगशाळेच्या इतर कामांना वापरण्यात आले होते.